अर्थिंगच्या खड्ड्यांना पाणी

१० मे. आज वही आखायची आहे.

दोनशे पानी वही, निळं पेन, फूटपट्टी. पाच रकाने : तारीख, खड्डा क्रमांक, बादल्या, पाणी घातले, तपासले. शेवटच्या दोन रकान्यांत सह्या. छापील नमुना कॉम्प्युटरमध्ये आहे, बटण दाबलं की बाहेर येतो. तरी दर वर्षी मे महिन्यात मी ही वही हातानं आखते. तासभर जातो. तो जाऊ देते.

आमचं कॉलेज शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला, माळावर आहे. खाली सगळा मुरूम. इलेक्ट्रिकलच्या मशीन्स लॅबमागे तीन खड्डे आहेत. पुरुषभर खोल खड्डा, मधोमध लोखंडी नळी, भोवती कोळसा आणि मीठ, वर नरसाळं, त्यावर सिमेंटचं झाकण. लॅबमधल्या प्रत्येक मोटारीच्या अंगावरून एक पट्टी निघते ती या खड्ड्यांत उतरते. मोटार आतून बिघडली आणि वीज तिच्या लोखंडी अंगावर आली, तर ती हात लावणाऱ्या माणसातून न जाता या वाटेनं जमिनीत जावी, एवढ्यासाठी ही सोय. पण त्यासाठी जमीन ओली लागते. कोरडी जमीन वीज घेत नाही. म्हणून पाऊस लागेपर्यंत खड्ड्यांना रोज पाणी घालायचं. एकेका खड्ड्याला दोन बादल्या. सहा बादल्या रोज.

नेमक्या याच दिवसांत आमच्या परीक्षा असतात, आणि नेमक्या याच दिवसांत पाणी नसतं. धरणं आमच्या तालुक्यात आणि मे महिन्यातले टँकरही आमच्याच तालुक्यात. यावर बोलणं आम्ही कधीच सोडून दिलं आहे.

रकाने आखून होत आले होते तेव्हा ऑफिसमधले शिपाई एक कागद घेऊन आले. एका कंपनीचं पत्र. आमची एक जुनी विद्यार्थिनी तिथल्या उपकेंद्राच्या देखभालीच्या कामासाठी निवडीत आली आहे. कागदपत्रं तपासताना त्यांच्या लक्षात आलं की थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन तीन वर्षांत संपायची पदवी तिनं चार वर्षांत घेतली. त्या एका वर्षाचं कारण विभागानं लेखी द्यावं. खाली आमच्या क्लार्कनं पेन्सिलीनं मसुदाही लिहून ठेवला होता : 'वैयक्तिक कारणास्तव'. माझी सही तेवढी हवी होती.

नाव वाचलं. वनिता. पट्टी बाजूला ठेवली.

इलेक्ट्रिकलला मुली कमी असतात. खेड्यातल्या तर फारच कमी. प्रवेशाच्या दिवशी मुलीच्या घरचे लोक लॅब बघायला येतात आणि एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. 'चार वर्षं शिकून पोरगी खांबावर चढणार काय?' मी सांगते, चढावं लागलं तर चढेल, पण बहुतेक वेळा खांबावर कोणी आणि कधी चढायचं ते ठरवेल. काहींना पटतं. काही तिथूनच कॉम्प्युटरच्या रांगेत जातात. मी स्वतः सापगावची. आधी डिप्लोमा केला, मुरबाडच्या कारखान्यात सहा वर्षं काढली, नोकरी करत पदवी घेतली आणि मग इकडे आले. गावात अजूनही माझ्या शिक्षणाची परीक्षा चालू असते. शेजारची काकू मिक्सर घेऊन ओट्यावर येते : 'अगो, तू एवढी इंजनेर ना? मग ह्यो का बोंबलतो ता बघ.' बिघाड सापडला नाही तर म्हणते, 'फुकट गो तुझा शिक्षान.' सापडला तर काही म्हणत नाही.

वनिता खर्डीकडची. स्टेशनपासून तासभर वर चढत गेलं की तिचा पाडा. डिप्लोमा करून आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला आली. पहाटेची गाडी, मग कॉलेजची पहिली बस, असं करत सकाळी सगळ्यांच्या आधी लॅबच्या दारात उभी असायची. बोलणं कमी. वेणीला कधी रिबन, कधी मोटारीच्या वाइंडिंगवर गुंडाळतात ती पांढरी नाडी. मे महिन्यात पळसाच्या पानात करवंदं आणायची आणि टेबलावर ठेवून निघून जायची. खा म्हणायची नाही.

त्या मुलीचं एक मला आवडायचं. ती आलं तेच रीडिंग लिहायची.

हे बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. इलेक्ट्रिकलच्या पदवीला प्रत्येक विषयाचं जर्नल असतं. मोटार चालवायची, मीटर बघायचे, आकडे लिहायचे, आलेख काढायचा. प्रत्यक्षात मागच्या बॅचचं जर्नल पुढच्या बॅचकडे जातं आणि आकडे जसेच्या तसे उतरतात. आमच्या लाइनवर मे महिन्याच्या दुपारी विजेचा दाब इतका पडतो की पंख्याची पाती मोजता येतात. पण एकूण एक जर्नलमध्ये चारशे पंधरा व्होल्ट. कोणीतरी कधीतरी लिहिलेले चारशे पंधरा, ते वर्षानुवर्षं चालत आलेले. तपासणारे आम्ही. तांबड्या शाईनं बरोबरची खूण करायची, सही करायची, पुढचं जर्नल. एका बैठकीत साठ जर्नलं होतात. वनिताच्या जर्नलमध्ये तीनशे ऐंशी असायचे, कधी तीनशे पंचाहत्तर. त्यामुळे तिचा आलेख वाकडा यायचा. बाकीचे हसायचे. 'वनिते, तुझी मोटर आजारी हाय काय गो?' ती म्हणायची, 'मोटर बरी हाय. तुमची फाइल आजारी हाय.'

म्हणूनच तिच्या शेवटच्या वर्षी पाणी घालायचं काम मी तिला दिलं. लवकर येते आणि खोटं लिहीत नाही, म्हणून.

तो उन्हाळा मला बारीकसारीक आठवतो. सगळीकडे राबाचा धूर होता. भातरोपांसाठी जमीन भाजायची म्हणून लोक पालापाचोळा जाळत होते, आणि तो वास लॅबमधल्या तापलेल्या व्हार्निशच्या वासात मिसळून बसला होता. खिडकीचे गज धरवत नव्हते. टँकर एक दिवसाआड येत होता. पिण्याचं पाणी वेगळं, संडासांचं वेगळं, आणि लॅबमागे एक निळं पिंप फक्त खड्ड्यांसाठी. पिंपावर मी स्वतः रंगानं 'अर्थिंग' लिहिलं होतं, कारण मुलं त्यात तोंड धुवायची. वही दाराशी दोऱ्याला बांधलेली. वनिता रोज सही करायची. सोपी, सरळ सही, प्रत्येक अक्षर सुटं. आठ दिवस, प्रत्येक दिवशी तीन ओळी.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी वामनकाकांनी हाक मारली. काका आमचे लॅब अटेंडंट. पंचवीस वर्षं मोटारी पुसून त्यांचे हात मीटरसारखे झाले होते. 'मॅडम, दोन नंबरच्या मोटरला हात लावा जरा. उलटा हात लावा.' लावला. मुंग्या आल्या. फार नाही, पण यायला नको होत्या. मी अर्थ टेस्टर काढला, मुरमात खिळे ठोकले आणि रीडिंग घेतलं. जमिनीचा विरोध पाच ओहमच्या आत हवा होता. बावीस आलं. तिन्ही खड्ड्यांची झाकणं काढली. नरसाळ्यांत कोळ्यांची जाळी होती.

पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

वनिताला बोलावलं. वर्गातली चारपाच मुलं आपसूक मागे येऊन उभी राहिली.

'पाणी घातलंस?'

'नाय घातलं, मॅडम.'

'आठ दिवस?'

'नाय.'

'का?'

तिनं पिंपाकडे बघितलं. 'बादली उचलायची मी. रोज उचलायची. मातीत ओतवतच नाय मॅडम. आमच्याकडं एवढ्या पाण्यात दोन घरं दिवस काढतात.'

मागून कोणी हसलं नाही. या मुलांपैकी निम्म्यांच्या गावी टँकर येत होता.

अर्थिंगवर तिला प्रश्न विचारला असता तर तिनं कोळशाचे थर, मिठाचे थर, ओलाव्याचं कारण, सगळं आकृतीसह लिहून दिलं असतं. नव्हे, लेखी परीक्षेत दिलंही होतं. तीन वर्षं शिकवून ते मी तिच्या डोक्यात घातलं होतं. हातापर्यंत ते गेलं नव्हतं. तिच्या हातांना दुसरंच काही शिकवलेलं होतं, आणि ते शिकवणारे माझ्याआधी पोचले होते.

हे आज सुचतंय. त्या दिवशी मी म्हटलं, 'तू खोटं लिहिलंस. त्या मोटारीवर उद्या तीस मुलं हात ठेवणार होती.' आणि तिचं टर्मवर्क, म्हणजे वर्षभराच्या प्रयोगांची फाइल, सही न करता बाजूला ठेवलं.

टर्मवर्क नाही म्हणजे प्रॅक्टिकल नाही. प्रॅक्टिकल नाही म्हणजे पदवी नाही, एक वर्ष थांबायचं. तिला मुरबाडच्या एका कारखान्यात निवडलेलं होतं. जूनमध्ये पास झाल्याचा कागद दाखवला की नोकरी. त्या बॅचमधून निवडलेली ती एकटी मुलगी. हे सगळं मला माहीत होतं. विभागप्रमुख सर म्हणाले, 'तुमची लॅब, तुमचा निर्णय.' मी निर्णय बदलला नाही.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. इस्त्रीचा शर्ट, आणि हात कोपरापर्यंत राबाच्या राखेनं काळे. सकाळी काम करून निघालेला माणूस. खुर्ची दिली तर बसले नाहीत. वनिता दाराबाहेर उभी राहिली.

'बाय, पोरीनं पाणी चोरलं का?'

'नाही.'

'कुनाला दिलं?'

'नाही. पिंपातच होतं.'

'मंग वाचवलं ना? वाचवल्याची शिक्षा असते का कुठं?'

मी त्यांना समजावून सांगितलं. म्हटलं, लाइन बंद केली असं एकानं वहीत लिहिलं आणि ती बंद नसली, तर खांबावर गेलेला दुसरा माणूस खाली जिवंत येत नाही. या धंद्यात माणूस दुसऱ्याच्या अक्षरावर जीव ठेवतो. पाणी घातलं नाही हे मी सोडून दिलं असतं, घातलं म्हणून लिहिलं ते सोडता येत नाही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. 'ते खरं हाय,' म्हणाले. मग अगदी साधेपणानं, 'पन तिच्यावर बघायला कोन नवता का?'

मी म्हटलं, 'वर्ग मोठा असतो.'



वहीत शेवटचा रकाना 'तपासले' असा आहे हे मी वर सांगितलंच. त्या आठही दिवसांत त्या रकान्यात माझी सही आहे. तीन ओळी, तीन सह्या, आठ दिवस. खड्डे लॅबच्या मागच्या दारापासून वीस पावलांवर आहेत. ऊन होतं, जर्नलं तपासायची होती, आणि सही वनिताची होती. म्हणून मी एकही दिवस ती वीस पावलं चालले नाही. तिची सही दिसली की शेजारी माझी करायची. त्या वहीत खोटं लिहिणाऱ्या आम्ही दोघी होतो. वर्ष एकीचंच गेलं.

मला हे तेव्हा कळलं नव्हतं असं नाही. तिचे वडील जिना उतरत होते तेव्हाच कळलं. वही माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. कोणी मागितली नाही, मी काढली नाही.

पुढच्या मे महिन्यात वनिता टर्मवर्क पूर्ण करायला परत आली. नोकरी अर्थातच गेली होती. मधलं वर्ष तिनं खर्डीच्या एका पंप दुरुस्तीच्या दुकानात काढलं. मी काही सांगायच्या आत तिनं बादली उचलली. सहा बादल्या, रोज. ओतताना ती नरसाळ्याकडे बघत नसे, समोरच्या डोंगराकडे बघत असे. त्या वर्षी मी रोज तिच्यासोबत खड्ड्यापर्यंत गेले. उन्हात दोघी शेजारी उभ्या असायचो. पाणी मुरमात जाताना घशातून उतरल्यासारखा आवाज करतं. तो ऐकायचा, झाकण लावायचं, परतायचं. करवंदं तिनं त्या वर्षी आणली नाहीत. ती पास झाली, चांगल्या गुणांनी झाली, आणि मुरबाडच्या एका छोट्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागली. तिला आधी निवडणारा कारखाना रस्त्याच्या या बाजूला, हा त्या बाजूला. पगारात आणि मानात मात्र रस्त्यापेक्षा बराच जास्त फरक.

मी काय केलं? मी जर्नलं बदलली. आता माझ्या लॅबमध्ये मागच्या बॅचची फाइल सापडली तर प्रयोग पहिल्यापासून करावा लागतो. चारशे पंधरा दिसले की मी विचारते, किती वाजता घेतलंस? मुलं मला मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे. आणि वही मी हातानं आखते. एवढं केलं म्हणजे झालं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. एका मुलीचं गेलेलं वर्ष पुढच्या मुलांना शिस्त लावून भरून निघत नाही, हा साधा हिशेब मला येत नव्हता असं नाही.

आणि आज हा कागद. 'वैयक्तिक कारणास्तव.' सोयीचं वाक्य. तिचंही काही बिघडत नाही, माझंही नाही. चारशे पंधरा व्होल्ट.

खरं लिहायचं तर तिचं नाव येतं. सुरक्षेच्या वहीत खोटी नोंद केलेली मुलगी उपकेंद्रावर कोण ठेवील? तिचं वगळून फक्त माझी चूक लिहायची, तर तेही अर्धंच रीडिंग. दुपारभर मी या कागदाभोवती फिरत राहिले. तीन वेळा मसुदा केला, तीन वेळा फाडला. शेवटी पाचच्या सुमारास, तिची पाळी सुटायच्या वेळी, तिला फोन लावला. मागे भोंगा ऐकू येत होता, गेटवरची गडबड.

'बोला मॅडम. पत्राचं ना? काहीपण लिवा. सही झाली म्हंजे झालं.'

'वैयक्तिक कारण लिहिलंय क्लार्कनं.'

'लिवा मंग.'

'मी खरं लिहू का, ते विचारायला फोन केलाय. त्यात तुझं येईल. माझंही येईल. मी आठ दिवस न बघता सह्या केल्या होत्या.'

भोंगा थांबला. ती बाजूला गेली असावी.

'ठाऊक हाय मला,' ती म्हणाली. 'पहिल्या दिवशी मी सांगनारच होते. वही उघडी ठेवून उभीच होते तुमच्या टेबलापाशी. म्हटलं, मॅडम विचारतील घातलं का, मंग सांगू ओतवत नाय म्हनून. तुमी वर बघितलंच नाय. सही केली नि वही माझ्याकडं सरकवली. मंग मला वाटलं, ह्ये पन जर्नलसारखंच असेल.'

मी ड्रॉवरमधून त्या वर्षीची वही काढली.

'तुमी मला विचारलं पानी का नाय घातलंस. घातलं म्हनून का लिवलंस, ते नाय विचारलंत.'

'चुकलं माझं,' मी म्हटलं. हे वाक्य इतक्या वर्षांनी म्हणायला फार सोपं होतं, आणि त्याचीच लाज वाटली.

'माझं पन चुकलंच की. त्या मोटरला कुनाचा हात लागला असता तर?' मग ती जरा हसली. 'आता इथं कारखान्यात मीच घालते पानी. पोरं ओतायला कां-कूं करतात, मी वरडते. अजून बघवत नाय मला, पन घालते. लिवा मॅडम. दोघींचं लिवा. त्यांना नको असलं तर नको.'

'नोकरी जाईल कदाचित.'

'एकदा गेलीच हाय ना.'

बसची वेळ झाली होती. नवी वही, पट्टी, कंपनीचा कागद, सगळं पिशवीत घालून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं आले. टेबलाशी बसून पत्र लिहिलं, हातानं, एका पानात. विद्यार्थिनीनं पाणी घातल्याची चुकीची नोंद केली. प्रभारी म्हणून मी ती न बघता तपासल्याची सही केली. विचारल्याबरोबर विद्यार्थिनीनं खरं सांगितलं. मी सांगितलं नाही. टर्मवर्क अडवण्याचा निर्णय माझा होता. पुढच्या वर्षी तिनं रोज पाणी घातलेलं मी स्वतः उभं राहून बघितलं आहे. खाली नाव, हुद्दा, तारीख. सोबत त्या वर्षीच्या वहीतल्या आठ दिवसांच्या नोंदींची प्रत.

विभागप्रमुखांनी वाचलं, चष्मा काढला. 'मॅडम, असं कोणी लिहितं का? मलाही उत्तर द्यावं लागेल वर.'

'द्या, सर. मी येते सोबत.'

त्यांनी बराच वेळ लावला, पण शिक्का मारला. लिफाफा मी स्वतः शिपायांच्या हातात दिला आणि डाकवहीत चढवून घेतला.

नवी वही मी सकाळी आल्याबरोबर दाराशी दोऱ्याला बांधली होती. या वर्षी पाण्याचं काम दुसऱ्या वर्षाच्या साक्षीकडे आहे. तिची पहिली सही झालेली होती : ११ मे, तीन खड्डे, सहा बादल्या. ती वही पुढे करून उभी राहिली, पेनासकट.

'साक्षी, घातलंस का?'

'हो मॅडम.' मग तिनं खाली बघितलं. 'तिसऱ्याला एकच बादली घातली. टँकर आला नाय अजून.'

'मग एक लिही.'

तिनं दोनावर काट मारली, एक लिहिला. मी मागचं दार उघडलं आणि वीस पावलं चालत गेले. तिन्ही झाकणं उचलली. दोन खड्ड्यांचं तोंड ओलं होतं, तिसऱ्याचं दमट. बोट घालून बघितलं. परत आले, हात पदराला पुसला आणि तीन सह्या केल्या.